जायला सोळा तास, यायला साडेचौदा: विमानाच्या अंतराचं आणि वेळेचं गणित

दिवाळी उरकली आणि नोव्हेंबरच्या मध्यावर माझी भाची कामासाठी मुंबईहून न्यूयॉर्कला गेली. तिला सोडून आम्ही नाशिकला परतलो तेव्हा पहाट झाली होती, पण आई जागीच होती. कोणीतरी तिच्या मोबाइलमध्ये विमानाचा माग दाखवणारं ॲप टाकून दिलं होतं आणि ती त्या इवल्याशा पिवळ्या विमानाकडे बघत बसली होती. दुपारी तिने मला हाक मारली. ‘अरे, अमेरिका डावीकडे ना? मग हे वर वर काय चाललंय, ग्रीनलंडकडे? वाट चुकलं की काय?’

त्याआधी तिकीट बघूनही ती बुचकळ्यात पडली होती. मुंबईहून रात्री दीड वाजता सुटायचं आणि त्याच दिवशी सकाळी सात वाजता न्यूयॉर्कला पोचायचं. म्हणजे साडेपाच तास? आणि जानेवारीतल्या परतीच्या तिकिटावर सकाळी साडेअकराला सुटून दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला मुंबई. म्हणजे पंचवीस तास? एकाच रस्त्याला जाताना साडेपाच आणि येताना पंचवीस, हे कसं काय?

आता नाशिकमध्ये एक सोसायटी अशी सापडायची नाही, जिथलं कोणी परदेशात नाही. त्यामुळे हे प्रश्न एकट्या आईचे नाहीत. त्यात एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं आणि ‘प्रवास लांबला’, ‘वाटेत इंधनाला थांबावं लागलं’ अशा बातम्या रोजच्या झाल्या. म्हणून हे सगळं एकदा मुळापासून, सावकाश मांडतो.

तिकिटावरची वेळ ही घड्याळाची, प्रवासाची नाही

तिकिटावर सुटण्याची वेळ सुटण्याच्या गावची असते आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावची. पृथ्वी २४ तासांत स्वतःभोवती ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. हे अंश म्हणजेच रेखांश, उत्तर ध्रुवापासून दक्षिण ध्रुवापर्यंत ओढलेल्या उभ्या रेघा. लंडनजवळच्या ग्रीनिचला शून्य धरतात. आपलं प्रमाण घड्याळ उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं आहे. ८२.५ भागिले १५ केलं की साडेपाच येतात, म्हणून आपण ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. (नाशिक स्वतः ७४ अंशांच्या आसपास आहे. त्यामुळे आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नाही, सरासरी साडेबारा उलटून गेल्यावर.)

न्यूयॉर्क हिवाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे असतं. उन्हाळ्यात तिथली घड्याळं तासभर पुढे करतात, तेव्हा साडेनऊ. आता भाचीचं तिकीट पुन्हा बघा. न्यूयॉर्कचे सकाळचे सात म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच. रात्री दीड ते संध्याकाळी साडेपाच, सोळा तास झाले. परतीच्या पंचवीस तासांतून साडेदहा वजा केले की उरतात साडेचौदा. दोन्ही वेळा भारतीय वेळेत मांडायच्या आणि मगच वजाबाकी करायची, एवढं केलं की घोळ मिटतो.

घोळ मिटला तरी सोळा आणि साडेचौदा यांत दीड तासाचा फरक उरतोच. तो घड्याळाचा नाही, खराखुरा आहे. तिकडे वळण्याआधी आईच्या ग्रीनलंडचं बघू.

एक गोल कांदा घ्या

पृथ्वीचा गोल घरात नसला तरी नाशिक जिल्ह्यातल्या घरात कांदा असतोच. चांगला गोल, लाल कांदा घ्या. मुळाकडची बाजू खाली, देठाची वर धरा. कांद्याच्या सालीवर मुळापासून देठापर्यंत ज्या शिरा दिसतात, ते झाले रेखांश. पोटाशी त्या एकमेकींपासून लांब असतात आणि देठाकडे जाता जाता जवळ येत एकत्र मिळतात. पृथ्वीवरही अगदी असंच आहे. विषुववृत्तावर दोन रेखांशांमधलं अंतर सुमारे १११ किलोमीटर, नाशिकच्या अक्षांशावर १०४ किलोमीटरच्या आसपास, ६० अंश उत्तरेला गेलं की निम्मं आणि ध्रुवावर शून्य.

आता पेनाने पोटाच्या थोडं वर एक ठिपका द्या, ती मुंबई. कांदा फिरवून जवळजवळ मागच्या बाजूला, मुंबईपेक्षा अजून जरा वर दुसरा ठिपका द्या, ते न्यूयॉर्क. दोन्ही ठिपक्यांमध्ये दोरा ताणून धरा. तो पोटाला वळसा घालून जाईल असं वाटतं, पण ताणला की तो आपोआप देठाच्या बाजूला सरकतो. कारण देठाकडून जायला कमी लांबीचा दोरा पुरतो.

मी आईला हे स्वयंपाकघरात करून दाखवलं. तिने दोरा दोनदा खाली ओढून बघितला, दोन्ही वेळा तो वर निसटला. मग म्हणाली, ‘म्हणजे वरून जवळ पडतं तर.’

ह्या ताणलेल्या दोऱ्याच्या वाटेला भूगोलाच्या पुस्तकात बृहद्वृत्त म्हणतात. दोन्ही ठिपके आणि कांद्याचा बरोबर गाभा अशा तिन्हींतून सुरी चालवली, तर सालीवर जी कड दिसेल ते बृहद्वृत्त. गोलावर दोन ठिकाणांमधली सगळ्यात आखूड वाट हीच असते.

भिंतीवरच्या नकाशात हे दिसत नाही, कारण तो गोलाची साल सोलून, ताणून सपाट केलेला असतो. आपल्या सवयीचा नकाशा मर्केटर नावाच्या नकाशाकाराने १५६९ मध्ये खलाशांसाठी तयार केला. दिशा धरून जहाज हाकायला तो फार चांगला, पण ध्रुवांकडचे प्रदेश त्यात फुगतात. ग्रीनलंड त्यावर आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदा पट आहे.

आकडे मांडून बघितले की फरक डोळ्यांत भरतो. ह्या नकाशावर मुंबई ते न्यूयॉर्क पट्टी ठेवून सरळ रेघ मारली, तर ती अरबस्तान, इजिप्त, मोरोक्कोवरून अटलांटिकमध्ये उतरते आणि सुमारे १४,२०० किलोमीटर भरते. बृहद्वृत्ताची वाट मध्य आशिया, रशिया करत पार आइसलंडच्या जवळून जाते आणि १२,५०० किलोमीटरच्या थोडी वर भरते. नकाशावर वाकडी दिसणारी वाट सोळाशे-सतराशे किलोमीटरने जवळची आहे. विमानाचे हे दोन तास झाले.

वरचा वारा

आता तो दीड तास.

प्रवासी विमान साधारण ३५ ते ४० हजार फुटांवर उडतं. म्हणजे जमिनीपासून दहा-बारा किलोमीटर वर. तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे अरुंद पण प्रचंड जोरकस पट्टे वाहत असतात. त्यांना जेट वारे म्हणतात. हिवाळ्यात उत्तर भारतावरही असा एक पट्टा येतो. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर वेग त्यात नेहमीचा, कधी कधी तीनशेच्याही वर जातो.

हा वारा येतो कुठून? नवरात्रात कालिकामातेच्या यात्रेत लहान मुलांचं गोल फिरणारं चक्र असतं. त्याच्या कडेला उभं राहणारा मुलगा वेगाने फिरतो, मधल्या दांड्याजवळचा हळू. पृथ्वीचंही तसंच. नाशिकच्या अक्षांशावरची जमीन पूर्वेकडे ताशी सुमारे १,५७० किलोमीटर वेगाने फिरते आहे आणि ६० अंश उत्तरेची फक्त ८३५ किलोमीटरने. विषुववृत्ताकडची तापलेली हवा वर चढून उत्तरेकडे निघाली की आपला मूळचा वेग बरोबर घेऊन जाते. खालची जमीन हळू पडत जाते आणि हवा तिच्या पुढे, पूर्वेकडे धावू लागते. थंड आणि उष्ण प्रदेशांच्या तापमानातली तफावत ह्या वाऱ्याला आणखी बळ देते. हिवाळ्यात ती तफावत जास्त, म्हणून वाराही जास्त.

जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हा वारा मोजला होता. पण त्यांनी आपलं काम एस्परांतो ह्या कृत्रिम भाषेत प्रसिद्ध केलं, त्यामुळे बाकीच्या जगाचं त्याकडे लक्षच गेलं नाही. आणि आपल्याला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट: पावसाळ्यात दक्षिण भारतावर, आणखी उंचावर, उलट दिशेने म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे एक जेट वारा वाहतो. तो १९५० च्या दशकात जगासमोर नीट मांडला तो भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी. आपल्या मान्सूनशी त्याचा जवळचा संबंध आहे.

विमानाचा वेग भोवतालच्या हवेच्या हिशोबाने ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास असतो. पण ती हवाच चालती असते. गोदावरीला पाणी आलं असताना होडी प्रवाहाबरोबर सोडली आणि प्रवाहाविरुद्ध वल्हवली, तर वल्ही तितक्याच जोराने मारूनही काठावरून बघणाऱ्याला दोन वेगळे वेग दिसतील. अमेरिकेला जाणारं विमान प्रवाहाविरुद्ध असतं, परतणारं प्रवाहाबरोबर.

९ फेब्रुवारी २०२० ला न्यूयॉर्कहून लंडनला आलेलं एक विमान चार तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी ह्या प्रवासाला सहा तासांच्या वर लागतात. वादळामुळे वारा इतका होता की जमिनीच्या हिशोबाने विमानाचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला. मग त्याने ध्वनीचा वेग ओलांडला का? नाही. भोवतालच्या हवेतून ते नेहमीच्याच वेगाने चाललं होतं.

माझ्या मते ह्या सगळ्या विषयातलं सगळ्यात बोलकं उदाहरण एअर इंडियाचं आहे. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे विमान आधी युरोप आणि अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते उलट बाजूने, पॅसिफिकवरून नेलं. वाट १५,३०० किलोमीटर झाली. चौदाशे किलोमीटर जास्त, तरीही ते साडेचौदा तासांत पोचलं आणि आधीपेक्षा सुमारे दोन तास वाचले. वारा पाठीशी होता, एवढंच कारण. परत येताना अटलांटिकवरून, पुन्हा वारा पाठीशी. विमानाने जाता-येता पृथ्वीला पूर्ण फेरी घातली. म्हणून ‘किती किलोमीटर?’ ह्या प्रश्नाने लांबच्या विमानप्रवासाचा अंदाज येत नाही. ‘हवा कुठल्या बाजूची?’ हेही विचारावं लागतं.

पण पृथ्वी फिरतेच आहे, मग नुसतं वर थांबलं तर?

हा प्रश्न मला जितक्या वेळा विचारला गेलाय, तितका दुसरा कुठलाच नाही. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, तर विमानाने वर जाऊन थांबावं आणि खालून अमेरिका यावी. निदान पश्चिमेला जाणाऱ्याला तरी लवकर पोचता यावं.

पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबईला जाणाऱ्या माणसाला ह्याचं उत्तर अनुभवाने माहीत आहे. गाडी भरधाव असताना नाणं वर उडवलं तर ते मागच्या बाकावर पडत नाही, आपल्याच हातात येतं. नाण्याला गाडीचा वेग आधीच मिळालेला असतो आणि डब्यातली हवाही गाडीबरोबर चाललेली असते. विमान, त्याच्या भोवतालची हवा, नाशिकच्या ओझर विमानतळाची धावपट्टी, सगळे त्या १,५७० किलोमीटरच्या वेगाने एकत्रच फिरताहेत. फरक पडतो तो हवा जमिनीच्या पुढे धावू लागली की. आणि तेच जेट वारे.

जाताना गेलेला वेळ येताना भरून निघतो ना?

पूर्ण नाही. ६,३०० किलोमीटरचा प्रवास धरा. वारा नसताना ९०० च्या वेगाने सात तास जायला, सात यायला, एकूण चौदा. आता १०० चा वारा धरा. जाताना वेग ८०० राहिला, सात तास ५२ मिनिटं लागली. येताना १,०००, म्हणजे सहा तास १८ मिनिटं. बेरीज चौदा तास दहा मिनिटं. उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं, म्हणून तोटा नफ्यापेक्षा थोडा मोठाच राहतो.

आकाशालाही शीव असते

दोरा ताणून मिळालेली वाट प्रत्यक्षात मिळेलच असं नाही. प्रत्येक देशाच्या जमिनीवरचं आकाश त्या देशाच्या हद्दीत मोडतं. तिथून जायला परवानगी लागते आणि शुल्क भरावं लागतं. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ ला भारतीय विमान कंपन्यांसाठी ही हद्द बंद केली, ३० एप्रिलला भारतानेही तेच केलं. पुढे दोन्हीकडून मुदत महिन्यामहिन्याने वाढत गेली. २०१९ मध्येही फेब्रुवारी ते जुलै असंच झालं होतं.

नकाशा समोर धरला की दिसेल, मुंबईपेक्षा दिल्लीला ह्याचा फटका जास्त बसतो. दिल्लीच्या पश्चिमेला लगेच पाकिस्तान आहे. तिथून निघालेल्या विमानाला आधी गुजरातकडे खाली यायचं, अरबी समुद्रावरून वळसा घालायचा आणि मग युरोपची वाट धरायची. मुंबईहून सुटणाऱ्याला समुद्र दारातच आहे. तरी तेही आता आखात, तुर्कस्तान, युरोप असं जातं. आईला ते वर सरकताना दिसलं ते अटलांटिक ओलांडताना, कारण युरोप ते न्यूयॉर्क ही वाटसुद्धा कांद्याच्या देठाकडूनच जवळ पडते. दुसरीकडे २०२२ पासून रशियाचं आकाश युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना बंद आहे, भारतीय कंपन्यांना नाही. त्यामुळे दोन कंपन्यांची विमानं त्याच दोन गावांमध्ये वेगळ्या वाटेने, वेगळ्या वेळात जाऊ शकतात.

तासभर वाढलं तर एवढं काय बिघडलं? बरंच बिघडतं. मोठं लांब पल्ल्याचं विमान तासाला सात-आठ टन इंधन पितं. ते जास्तीचं इंधन सुरुवातीपासून वाहून न्यावं लागतं आणि त्या ओझ्यासाठी आणखी इंधन जळतं. कळसूबाई चढताना पाण्याच्या दोन बाटल्या जास्त घेतल्या की त्या वाहण्यानेच तहान वाढते, तसं. एका मर्यादेनंतर विमान इतकं जड होतं की माणसं किंवा सामान कमी करा, नाहीतर वाटेत उतरून इंधन भरा, एवढेच पर्याय उरतात. म्हणून काही अमेरिकेची विमानं व्हिएन्नासारख्या ठिकाणी थांबू लागली. दिल्ली ते वॉशिंग्टन ही थेट सेवा तर एअर इंडियाने १ सप्टेंबर २०२५ पासून थांबवली. वयस्कर आईबापांना एकटं पाठवणाऱ्या घरांसाठी ही बातमी साधी नव्हती. थेट विमानात बसवून देणं वेगळं आणि मध्ये बदलायला लावणं वेगळं, हे ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक.

हिमालयावरून सरळ का काढत नाहीत?

विमान हिमालयापेक्षा उंच उडतं, अडचण ती नाही. विमानातल्या हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला लगेच दहा हजार फुटांपर्यंत खाली यावं लागतं, कारण वरून लोंबणाऱ्या मुखवट्यांमधला प्राणवायू काही मिनिटांपुरताच असतो. तिबेटचं पठारच मुळी सरासरी चौदा-पंधरा हजार फुटांवर आहे. खाली यायचं कुठे? दोन इंजिनांच्या विमानांना आणखी एक नियम आहे. एक इंजिन बंद पडलं तर ठरलेल्या वेळात कुठल्यातरी विमानतळावर उतरता आलं पाहिजे, अशीच वाट निवडायची. समुद्रावरच्या वाटाही त्यामुळे थोड्या इकडेतिकडे होतात.

ओझर ते दिल्ली

हाच हिशोब घराजवळ आणू. ओझर ते दिल्ली सरळ अंतर सुमारे ९९० किलोमीटर. ताशी ८०० किलोमीटर धरले तरी सव्वा तासात पोचायला हवं. तिकिटावर मात्र पावणेदोन-दोन तास दिसतात.

कारण तिकिटावरचा वेळ हवेतला नसतो. विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू आणि दिल्लीत जागेवर उभं राहिलं की बंद. ह्याला विमानवाले ब्लॉक टाइम म्हणतात. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, वर चढायला वीसेक मिनिटं, उतरायला तेवढीच किंवा जास्त, दिल्लीच्या गर्दीत आकाशात रांग आणि शेवटी टर्मिनलपर्यंतचं अंतर, सगळं त्यात धरलेलं असतं. जवळच्या प्रवासात ही वरकड वेळ डोळ्यांत येते, लांबच्या प्रवासात सोळा तासांत विरून जाते. शिवाय कंपन्या थोडी जास्तीची वेळ पोटात ठेवतात, म्हणून उशिरा सुटलेलं विमानही कधी कधी वेळेवर पोचतं.

नाशिककराने स्वतःचा हिशोब मात्र घरापासून करावा. मुंबईचं विमानतळ इथून १७० किलोमीटरच्या आसपास आहे. जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून कसारा घाटाची धास्ती कमी झाली, तरी ठाण्याच्या पुढची गर्दी धरून मी चार तास ठेवतो. त्यात तीन तास आधी पोचायचं. विमान हलण्याआधीच आपले सात तास झालेले असतात.

जानेवारीत भाची परत येणार होती. विमान दुपारी साडेबाराला उतरणार होतं, म्हणून आम्ही सकाळी साडेआठला निघायचं ठरवलं होतं. सात वाजता आईने ॲप उघडलं. विमान तुर्कस्तानच्या पुढे आलं होतं आणि पोचण्याची वेळ अकरा पन्नास दाखवत होतं. तिने चहाचा कप माझ्या हातात दिला आणि म्हणाली, ‘चाळीस मिनिटं आधी येतंय. गाडी काढ, आठच्या आत निघू.’